कामाची खरी बातमी वेळेवर कशी कळेल?

वाचकांचे प्रश्न : प्रकल्प आणि नेतृत्व

गेल्या अंकात आम्ही प्रकल्प-व्यवस्थापनाविषयी प्रश्न मागवले, तेव्हा कारखान्यांतून आणि संगणक कंपन्यांतून पत्रे येतील अशी अपेक्षा होती. ती आलीच, पण एका देवस्थानाच्या सचिवांचेही पत्र आले आणि सगळ्यांत गुंतागुंतीचे तेच निघाले. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशांत, अनेकांच्या हातून एखादे काम पुरे करून घ्यायचे असले की तो प्रकल्पच, मग तो औषधाच्या कारखान्यातला असो वा देवळाच्या सभामंडपाचा. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात अभियंता आहे. नव्या पॅकिंग लाइनच्या उभारणीची जबाबदारी या वर्षी माझ्याकडे आली. गटातील निम्मी माणसे माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठी आहेत. मी त्यांच्या नावापुढे ‘बाब’ लावूनच बोलतो. सोमवारच्या बैठकीत प्रत्येकजण ‘नव्वद टक्के झाले, उरलेले जातलें (होईल)’ असे सांगतो आणि पुढच्या सोमवारीही आकडा नव्वदच असतो. मुदत तोंडावर आली की कळते, काम अर्धेही झालेले नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखून कडक कसे व्हावे? (एक अभियंता, फोंडा)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. नव्वद टक्क्यांचा घोटाळा मुख्यतः मोजणीच्या पद्धतीतून होतो, आणि ती पद्धत बदलणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. ‘किती झाले?’ असे विचारले की माणूस खर्ची पडलेले श्रम आठवतो आणि त्यावरून टक्केवारी सांगतो. उरलेल्या कामातल्या अडचणी त्याला अजून दिसलेल्याच नसतात. म्हणून टक्केवारी विचारणे बंद करावे. प्रत्येक काम एका आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत पुरे होईल अशा तुकड्यांत पाडावे आणि प्रत्येक तुकड्याला दोनच अवस्था ठेवाव्यात : झाला किंवा झाला नाही. ‘विजेचे काम’ असा एकच मोठा तुकडा असेल, तर तो महिनाभर नव्वद टक्क्यांवर अडून राहील. त्याऐवजी केबल ट्रे बसवणे, केबल ओढणे, दोन्ही टोकांची जोडणी, इन्सुलेशनची चाचणी आणि पॅनेल चालू करणे असे पाच तुकडे केले, तर चाचणीचा कागद हातात पडेपर्यंत चाचणी झाली असे कोणालाच म्हणता येणार नाही. तुकडा ‘झाला’ म्हणजे नेमके काय हाती यायला हवे, हे काम सुरू होण्यापूर्वी त्या माणसासोबत बसून लिहून ठेवावे. माझ्या मते प्रकल्पप्रमुखाने स्वतः लिहायचा सर्वांत मोलाचा कागद हाच; वेळापत्रकाची रंगीत पट्टी त्यानंतर येते.

दुसरा प्रश्न अवघड आहे. माणसे वाईट बातमी का सांगत नाहीत? मागे कोणीतरी ती सांगितली तेव्हा काय झाले, हे त्यांच्या लक्षात राहिलेले असते. बैठकीत पहिल्यांदा ‘साहेब, हे होणार नाही’ असे ज्याने म्हटले त्याला सर्वांसमोर झाडले गेले असेल, तर पुढची दोन वर्षे त्या खोलीत सगळे नव्वद टक्केच राहणार. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत काम करणाऱ्या गटांचा अभ्यास केला तेव्हा, चांगल्या गटांत औषधे देण्यातील चुका कमी नोंदलेल्या असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद अधिक होती, आणि त्याचे एक कारण असे दिसले की त्या गटांत माणसे चुकांविषयी मोकळेपणाने बोलत होती. १९९९ मध्ये त्यांनी याच विचाराची पुढची मांडणी केली आणि ती आज व्यवस्थापनाच्या वर्गांत सर्वत्र शिकवली जाते. आपल्या बैठकीत ‘सर्व ठीक’ अशी ओळ फार दिसू लागली, तर ते आनंदाचे लक्षण समजू नये.

आता वडीलधाऱ्यांविषयी. वीस वर्षे यंत्रे बसवणाऱ्या माणसाला सर्वांसमोर ‘का झाले नाही?’ असे विचारले, तर तो स्वतःची बाजू सांभाळणारच. सोमवारच्या बैठकीआधी, शनिवारी दुपारी, त्याच्या जागेवर जाऊन उभे राहावे आणि ‘बाब, या कामात तुम्हांला कशाची काळजी वाटते?’ असे विचारावे. तिथे जे कळेल ते बैठकीत कळणार नाही. त्यापुढची पायरी म्हणजे मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेला एक सोपा प्रयोग. कामाच्या आरंभीच सगळ्यांना बसवून सांगायचे, की आपण मुदतीच्या दिवशी आलो आहोत आणि लाइन चालू झालेली नाही असे धरून चाला. आता प्रत्येकाने पाच मिनिटांत त्याची कारणे कागदावर लिहावीत. इथे शंका काढणे हेच काम असल्यामुळे ती काढणारा माणूस नकारात्मक ठरत नाही, आणि अनुभवी माणसांकडे सांगण्यासारखे सर्वाधिक असल्यामुळे त्यांचा मान आपोआप राखला जातो. यंत्र कस्टममध्ये अडकले, हवेच्या दाबाची लाइन कमी पडली, पुरवठादाराचा तंत्रज्ञ चतुर्थीच्या आठवड्यातच येणार म्हणून आपली अर्धी माणसे गावी, अशी कारणे तुमच्या यादीत आधी येतील आणि त्यांची तजवीज वेळेवर करता येईल.

कडकपणा हवाच, पण तो माणसावर काढू नये, तारखेबाबत पाळावा. ‘हा तुकडा शुक्रवारपर्यंत होणार नाही हे बुधवारी सांगितले तर मी मदत करीन, शुक्रवारी संध्याकाळी सांगितले तर मला आवडणार नाही’, असा नियम एकदा स्पष्ट सांगून तो सर्वांना, स्वतःलाही, सारखा लावावा.

एक गोष्ट जाता जाता. सर्वच कामांवर सारखे लक्ष देण्याची गरज नसते. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या अमेरिकी रासायनिक कंपनीने रेमिंग्टन रँडच्या साहाय्याने क्रिटिकल पाथ ही पद्धत बसवली, तिचे सार एवढेच : एकामागून एक करावीच लागणाऱ्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, तीच शेवटची तारीख ठरवते. त्या साखळीतले काम एक दिवस लांबले की प्रकल्प एक दिवस लांबतो. बाहेरचे काम आठवडाभर रेंगाळूनही बऱ्याचदा काही बिघडत नाही. बैठकीतला बराच वेळ या साखळीसाठीच राखावा.

प्रश्न : आमच्या देवस्थानाच्या सभामंडपाचे नूतनीकरण चालू आहे. पुढच्या जत्रेपूर्वी ते पुरे करण्याचा ठराव महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, सभेत झाला. काम सुरू झाल्यापासून रोज नव्या सूचना येतात. एकाला खांबांना ग्रॅनाइट हवा, दुसऱ्याला वर गॅलरी हवी, तिसरे देणगीदार आहेत आणि त्यांना दीपस्तंभाजवळ फरसबंदी हवी. प्रत्येकाची सूचना चांगलीच असते आणि कोणालाही नाही म्हणणे शक्य नाही. अंदाजपत्रक फुगत चालले आहे. ठेकेदार म्हणतो, ‘तुम्ही आधी ठरवा, मग मी करतो.’ (देवस्थान समितीचा सचिव, पेडणे तालुका)

उत्तर : ठेकेदाराचे बरोबर आहे. कारखान्यात वरिष्ठाची सही हा शेवटचा शब्द असतो. देवस्थानात प्रत्येक महाजन मालकाच्या नात्याने बोलतो आणि तो खरोखरच त्या नात्याने बोलत असतो. त्यामुळे इथे अधिकाराने काही निभत नाही, कागदाने निभते.

पहिली गोष्ट : सभेने जे मंजूर केले ते एका पानावर, नकाशा आणि रकमेसह, लिहून कचेरीबाहेरच्या फलकावर लावा. काय करायचे हे लिहा आणि त्याखाली काय करायचे नाही हेही लिहा. ‘या वर्षी गॅलरी नाही’ ही ओळ सुरुवातीला फलकावर असती, तर गॅलरीची सूचना आलीच नसती असे नाही, पण ती मंजूर कामाबाहेरची आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट : नव्या सूचनांसाठी एक वही ठेवा. तिच्यात सूचना कोणाची, त्यासाठी किती पैसे, किती दिवस आणि पैसे कोण देणार, हे चार रकाने असावेत. कोणाला नाही म्हणायचे नाही. ‘बाब, उत्तम सूचना, वहीत नोंदवू, ठेकेदाराकडून दिवस आणि दर घेऊ आणि रविवारी समितीपुढे ठेवू’, एवढेच म्हणावे. दिवसांचा रकाना भरला की निम्म्या सूचना सुचवणाराच मागे घेतो, कारण जत्रा त्यालाही हवी असते. राहिलेल्यांचा निर्णय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार यांनी एकत्र बसून करावा, मोठी रक्कम असेल तर सर्वसाधारण सभेपुढे न्यावा. ठेकेदाराला तोंडी सूचना देण्याचा अधिकार मात्र एकाच व्यक्तीला असावा. हा नियम मोडला की वही निरुपयोगी होते.

देणगीदाराचा प्रश्न नाजूक आहे. ठरावीक कामासाठी दिलेली देणगी त्या कामाचे पैसे आणते, पण दिवस आणत नाही. फरसबंदीची माणसे आणि सामान त्याच अंगणातून जाणार, तेव्हा सभामंडपाचे काम खोळंबणार. अशा देणगीचा कृतज्ञतेने स्वीकार करून ती जत्रेनंतरच्या टप्प्यासाठी राखून ठेवल्याचे पत्र देणे हा मार्ग सर्वांना मानवतो, असा अनुभव आहे.

घाई कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हेही समितीला आधी सांगून ठेवा. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटसाठी निदान १४ दिवस आणि सहा मीटरपेक्षा मोठ्या तुळईखालचे निदान २१ दिवस काढायचे नसतात. सभामंडपाचे गाळे मोठेच असतात. जत्रा दहा दिवसांवर आली म्हणून टेकू लवकर काढा, असे सांगणारा कोणीतरी निघेल. त्याचे म्हणणे सूचनांच्या वहीतही नोंदवू नका. जत्रेच्या तारखेपासून उलटे मोजत यावे : रंग, त्याआधी विजेचे फिटिंग, त्याआधी गिलावा, त्याआधी टेकू काढणे, त्याआधी स्लॅब. असे मोजल्यावर स्लॅब ओतण्याची शेवटची तारीख मिळते आणि ती जत्रेच्या तारखेपेक्षा महत्त्वाची ठरते, कारण ती चुकली की पुढे काहीही करून भरपाई होत नाही. ती तारीख फलकावर ठळक लिहा. आणि ती पावसाळ्यात पडत असेल, तर या वर्षी जुन्या मंडपावर तात्पुरते छप्पर घालून जत्रा करावी आणि पुढचे काम नंतर घ्यावे, हा पर्याय आताच सभेपुढे ठेवा. तो ऐकायला कोणाला आवडणार नाही. पण सभेने तो आज ऐकलेला बरा.

शेवटचे बिल चुकते करताना पाच टक्के रक्कम राखून ठेवावी आणि ती परत देण्याची तारीख पुढच्या पावसाळ्यानंतरची असावी. गोव्यात छपराची परीक्षा जूनच्या मध्यापासून होते. ही अट कामाआधी करारात हवी. आता घालता येत नसेल तर निदान ठेकेदाराशी बोलून पाहा.

प्रश्न : अंदाजपत्रक ४० लाखांचे, मुदत दहा आठवडे. पाच आठवड्यांनी १८ लाख खर्च झाले आहेत. निम्मी वेळ गेली आणि निम्म्याहून कमी पैसे गेले, म्हणजे आपण फायद्यात आहोत, असे आमचे व्यवस्थापक म्हणतात. हे बरोबर आहे का? (लेखा विभागातील कर्मचारी, वास्को)

उत्तर : नाही, कारण यात झालेल्या कामाची किंमत कुठेच नाही. समजा, पाच आठवड्यांत ठरल्याप्रमाणे २० लाखांचे काम व्हायला हवे होते आणि मोजल्यावर १५ लाखांचेच झाले असे दिसले. मग १५ लाखांच्या कामाला १८ लाख लागले आहेत. प्रत्येक रुपयामागे ८३ पैशांचेच काम मिळते आहे. हाच वेग राहिला तर संपूर्ण काम ४० ऐवजी ४८ लाखांत पडेल. कामाचा वेगही ठरलेल्याच्या तीन-चतुर्थांश आहे. तेव्हा तीन आकडे नेहमी शेजारी ठेवावेत : व्हायला हवे होते त्या कामाची किंमत, झालेल्या कामाची किंमत आणि प्रत्यक्ष खर्च. मधला आकडा खरा यावा म्हणूनच वर फोंड्याच्या वाचकाला सांगितलेली ‘झाले किंवा झाले नाही’ ही मोजणी लागते.

प्रश्न : पर्वरीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा जणांचा गट सांभाळते. परदेशी ग्राहकाचे काम दीड महिना मागे आहे. वरिष्ठ म्हणतात, ‘आणखी चार जण देतो, पण तारीख हलणार नाही.’ माझे सहकारी आधीच थकले आहेत. सकाळची पंधरा मिनिटांची उभी बैठक आता पाऊण तास चालते, कारण वरिष्ठ तिला येऊन बसतात. (एक गटप्रमुख, पर्वरी)

उत्तर : आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचे काम सांभाळणारे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले आहे, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो. कारण साधे आहे. नव्या माणसाला शिकवायला जुन्यांपैकीच कोणीतरी बसते, आणि माणसे वाढली की आपसांतले संवाद त्याहून वेगाने वाढतात : सहा जणांत जोड्या १५ होतात, दहा जणांत ४५. तरीही वरिष्ठांना सरळ ‘नको’ म्हणू नका. जे काम बाकीच्यांपासून सुटे करता येते, उदाहरणार्थ चाचणी, दस्तऐवज किंवा जुन्या माहितीचे स्थलांतर, तिथे दोघे जण घ्या. गाभ्याच्या कामात कोणालाही घालू नका.

मग ग्राहकाकडे जा. तारीख, काम आणि माणसे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कोणालाही पक्क्या करता येत नाहीत. ग्राहकाला तारीख खरोखर प्यारी असेल, तर त्या तारखेला कोणते भाग चालू हवेत आणि कोणते पुढच्या महिन्यात चालतील, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. त्याच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत गरजेचा भाग कोणता, हे बऱ्याचदा त्याला कोणी विचारलेलेच नसते. पुढे काय होणार नाही ते तुम्ही स्वतः सांगा. ते वरिष्ठांनी त्यांच्या सोयीने सांगायला सोडलेत, तर ते शेवटच्या आठवड्यात सांगितले जाईल.

सकाळची बैठक एकमेकांना अडथळे सांगण्यासाठी असते. वरिष्ठ समोर बसले की प्रत्येकजण त्यांच्याकडे पाहून हजेरी देतो. त्यांना स्वतंत्र, आठवड्यातून एकदा, अर्धा तास आणि एक पानाचा अहवाल द्या, आणि सकाळच्या बैठकीतून त्यांना मोकळे करा. बहुतेक वरिष्ठ यावर सुटकेचा निःश्वास टाकतात.

प्रश्न : ई. श्रीधरन यांच्यामुळे कोकण रेल्वे झाली असे आम्ही वर्गात शिकवतो. एका माणसाच्या नेतृत्वाने एवढे काम होते का, की आपण एक आख्यायिका सांगत आहोत? (एक प्राध्यापक, मडगाव)

उत्तर : थोडी आख्यायिका आहे, पण तिच्यातला खरा भाग तपासण्यासारखा आहे. श्रीधरन यांची ख्याती पांबनपासून सुरू होते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबन पूल मोडला. दुरुस्तीला सहा महिने लागतील असा अंदाज असताना त्यांनी तो ४६ दिवसांत सुरू करून दाखवला. ही गोष्ट धडाडीची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते कोकण रेल्वेतला धडा वेगळा आणि जास्त उपयोगाचा आहे.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी सहा टक्के ठरला, आणि उरलेला बराचसा पैसा रोख्यांतून उभा राहिला. नेहमीच्या रेल्वे खात्याच्या चौकटीबाहेर स्वतंत्र महामंडळ काढल्यामुळे निविदा, खरेदी आणि नेमणुका यांचे निर्णय जवळच घेता आले. सातशे किलोमीटरहून लांब मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला गेला आणि त्याला निर्णयाचे मोठे अधिकार दिले गेले. म्हणजे ज्या एकट्या माणसाचे नाव आपण घेतो, त्याने पहिली गोष्ट केली ती अधिकार वाटून देण्याची. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कामांत नेमके याच्या उलट होते. प्रत्येक कागद वर जातो आणि वरच राहतो.

गोव्यापुरते बोलायचे तर कथा इतकी सरळ नाही. किनाऱ्याजवळून, खाजन (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनींतून आणि दाट वस्तीतून जाणाऱ्या मार्गाला इथे मोठा विरोध झाला, काम अडले आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला. पेडण्याच्या बोगद्याने वेगळीच परीक्षा पाहिली : तिथे कठीण कातळाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती लागली आणि ती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. पाच वर्षांत काम पुरे करण्याचा मूळ संकल्प होता. संपूर्ण मार्गावर गाड्या धावल्या त्या २६ जानेवारी १९९८ रोजी, आणि शेवटपर्यंत राहिलेला मोठा अडथळा पेडण्याचाच होता. तेव्हा उत्तम नेतृत्व असूनही मुदत चुकू शकते. ज्या जमिनीखाली काय आहे हे खणल्याशिवाय कळत नाही, तिथे वेळापत्रकाला मर्यादा असतात. विद्यार्थ्यांना हा भाग वगळून कथा सांगू नये.

विरोध आणि परवानग्या हा प्रकल्पाचाच भाग धरावा, त्याबाहेरचे विघ्न म्हणून नव्हे, हेही त्यांना मोपा विमानतळाच्या उदाहरणाने दाखवता येईल. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण-मंजुरी स्थगित केली, ती स्थगिती २०२० च्या जानेवारीत उठली, आणि विमाने सुरू झाली जानेवारी २०२३ मध्ये.

श्रीधरन यांच्याकडून घेण्यासारख्या आणखी दोन गोष्टी. पुढे ते दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले, तेव्हा तिच्या कार्यालयांत आणि कामाच्या जागी मुदतीला किती दिवस उरले हे दाखवणारे फलक लावलेले असत. आकडा सर्वांसमोर असल्यामुळे उशीर लपवायला जागा राहत नसे. दुसरी गोष्ट १२ जुलै २००९ ची. दिल्लीत मेट्रोच्या पुलाचा बांधकामाधीन भाग कोसळून माणसे मृत्यू पावली, तेव्हा त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. पण वरचा माणूस दोष ठेकेदारावर किंवा कनिष्ठ अभियंत्यावर न ढकलता स्वतःकडे घेतो, हे हाताखालच्या हजारो माणसांनी पाहिले. धोक्याची सूचना वर कळवताना त्यांतल्या काहींची भीती नक्कीच कमी झाली असेल.

प्रश्न : मी घरे बांधण्याचे छोटे ठेके घेतो. ‘किती महिने?’ असे ग्राहक विचारतो, मी सहा सांगतो आणि नऊ लागतात. प्रत्येक वेळी कारण वेगळे असते. (एक ठेकेदार, डिचोली)

उत्तर : कारण वेगळे असले तरी नऊ महिने तेच आहेत, याकडे लक्ष द्या. डॅनियल काह्नेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की माणूस अंदाज करताना हातातल्या कामाची योजना पाहतो आणि तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते विसरतो. आपली मागची सात-आठ घरे घ्या, प्रत्येकाची पायाभरणी आणि चावी देण्याची तारीख वहीत लिहा. प्रत्येकाला लागलेले महिने चढत्या क्रमाने मांडल्यावर मध्ये जो आकडा येईल, तोच नव्या ग्राहकाला सांगायचा. तो ऐकून ग्राहक दुसरीकडे गेला तर जाऊ द्या. सहा महिने सांगणाऱ्या त्या दुसऱ्यालाही नऊच लागणार आहेत.

जिथे अनिश्चितता फार, तिथे तीन आकडे काढून पाहावेत. समजा, वीजजोडणी सर्व सुरळीत झाल्यास १० दिवसांत, बहुधा १५ दिवसांत आणि सगळेच अडल्यास ५० दिवसांत मिळेल. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात दोन्ही टोके मिळवायची आणि सहाने भागायचे. उत्तर २० येते. आपण १५ धरून चाललो होतो, आणि घराच्या कामात अशी डझनभर कामे असतात. ही रीत १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी बसवली गेली. चिऱ्याच्या घरालाही ती तितकीच लागू पडते. जून ते सप्टेंबर हे महिने बाहेरच्या कामाचे धरूच नका. रेती मिळत नाही म्हणून गेलेले दिवसही जुन्या घरांच्या आकड्यांत आलेले असतील, ते वगळू नका.

प्रश्न : पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही परीक्षा द्यावी का? फी बरीच आहे. माझा अनुभव दोन वर्षांचा आहे. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आताच नको. ही परीक्षा १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेची आहे. चार वर्षांची पदवी असलेल्याला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते, तेव्हा दोन वर्षांवर अर्जच मंजूर होणार नाही. त्याच संस्थेची कॅपम ही अनुभवाची अट नसलेली परीक्षा आहे, पण आखाती देशांत किंवा परदेशी कंपनीत नोकरीचा विचार असेल तर वर्षभर थांबून पीएमपीच द्यावी. तिथे ती विचारली जाते. गोव्यातल्या लहान कंपन्यांत तिच्यावाचून फारसे अडत नाही. अर्जात प्रत्येक प्रकल्पातील स्वतःची भूमिका, कालावधी आणि निष्पत्ती लिहावी लागते आणि संस्था काही अर्जांची पडताळणीही करते, म्हणून सध्याच्या प्रकल्पाच्या तारखा आणि आपण प्रत्यक्ष काय सांभाळले याची नोंद आजपासून ठेवा, आणि तिची खात्री देऊ शकेल असा एक वरिष्ठ नोकरी बदलली तरी संपर्कात ठेवा.